‘फ्रीजमधनं कपडे काढ’ म्हणालो आणि घर हसलं

ताई,
मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, वय ४३. श्रावणात पावसात गाडी घसरली आणि डोकं रस्त्यावर आपटलं. हेल्मेट डिकीत होतं. मधला थोडा वेळ काय झालं ते आजही आठवत नाही. सीटी स्कॅन नॉर्मल आला, ‘काही नाही, आराम करा’ म्हणून दवाखान्यातनं सोडलं. नातेवाइकांच्या सांगण्यावरून दोन-तीन आठवडे खोलीत अंधार करून पडून राहिलो. आता सात आठवडे झाले. डोकेदुखी बरीच कमी आहे, पण बोलताना भलताच शब्द तोंडात येतो. पहिल्यापेक्षा कमी झालंय, पण गेलेलं नाही. बायकोला म्हणालो, ‘फ्रीजमधनं कपडे काढ.’ वॉशिंग मशीन म्हणायचं होतं. मुलीला बहिणीच्या नावानं हाक मारतो. परवा शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, त्रेचाळीसशेच्या जागी चौतीसशे लिहिलं, नशिबानं त्याच्याच लक्षात आलं. सकाळी ठीक असतं, संध्याकाळी वाट लागते. गुजरातच्या व्यापाऱ्यांचे फोन घ्यायची तर धास्तीच बसलीय. एकत्र जमून मटण-रस्सा करतो त्या आमच्या रस्सा मंडळातली पोरं म्हणतात, ‘डोस्कं हललंय याचं.’ म्हणून हल्ली मी गप्पच असतो. वडील लकव्यानं गेले, शेवटी शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. माझंही तसंच होणार का? मालकांना काही सांगितलेलं नाही. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांआधी नोकरी सोडावी असं मनात येतं. आई ब्राह्मीचं चूर्ण घे म्हणते. हे पत्र रोज सकाळी थोडं थोडं करून लिहिलंय.
– गप्प झालेला, कोल्हापूर

दादा,

तुमच्या पत्रात पट्टी, सौदा, त्रेचाळीसशे, वॉशिंग मशीन, सगळं जागच्या जागी आलंय. एकही शब्द भलत्या ठिकाणी पडलेला नाही. सकाळची वेळ होती, घाई नव्हती, मधे कुणी बोलत नव्हतं, तर शब्द मुकाट आले. तुमच्याच धंद्यातलं सांगायचं तर गोदामातला माल शाबूत आहे, तो काढून देणारा हमाल दमलाय. आणि बघा ना, वॉशिंग मशीनच्या जागी तुमच्या तोंडात चप्पल किंवा भाकरी आली नाही, फ्रीज आला. तोही पांढरा, दाराचा, विजेवर चालणारा, घरातलाच. हमाल बरोबर गल्लीत गेला होता, फक्त शेजारचं पोतं उचलून आला.

डोक्याला मार लागतो तेव्हा आत काय होतं ते थोडं सांगते, कारण ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मेंदू कवटीत द्रवात असतो. डोकं आपटून जाग्यावर थांबलं तरी मेंदू आत हलतो आणि त्याच्या पेशींचे लांब, बारीक तंतू ताणले जातात. पेशींच्या आतल्या-बाहेरच्या क्षारांचं प्रमाण बिघडतं. ते पूर्ववत करायला मेंदूला जास्त ग्लुकोज लागतं आणि नेमका त्याच दिवसांत रक्तपुरवठा कमी पडतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, सूज दिसते, हाडाची चीर दिसते. हा ताण त्यात दिसत नाही. म्हणजे ‘नॉर्मल’चा अर्थ एवढाच, की त्या दिवशी जिवाला धोका होईल असं काही सापडलं नाही. ‘काही नाही’ म्हणून पेशंटला घरी धाडायची जी पद्धत आपल्याकडं पडलीय तिचा मला राग येतो. पुढं जे होतं ते मग त्या माणसाला आपल्याच मनाचे खेळ वाटायला लागतात.

आता वडिलांचं. लकव्यात मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त तुटतं किंवा तिथं रक्तस्राव होतो आणि तो भाग कायमचा जायबंदी होऊ शकतो. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या डॉक्टरनं बोलणं गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू तो मरण पावल्यावर तपासला. तो माणूस कित्येक वर्षं ‘तान’ एवढाच आवाज काढू शकत होता, समोरच्याचं मात्र बरंचसं त्याला समजायचं. इजा मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात सापडली. तेव्हापासून कळत गेलं, की बहुतेक लोकांची भाषा डाव्या बाजूला असते. म्हणून मेंदूच्या डाव्या बाजूच्या लकव्यात बोलणं एकाएकी जाऊ शकतं आणि बहुधा उजवा हात-पायही लुळा पडतो. तुमचं चित्र तसं नाही. तुमच्या चुका थकव्याबरोबर वाढतात, झोपेनंतर कमी होतात, आठवड्यागणिक थोड्या थोड्या घटतायत आणि बोलताना चुकलं हे तुमचं तुम्हाला कळतं. पत्रावरून निदान करता येत नाही, मी करतही नाही, पण ही सगळी लक्षणं डोक्याच्या मारानंतरच्या थकव्याशी जुळतात. वडिलांना लकवा झाला होता तर बीपी आणि शुगर मात्र याच आठवड्यात तपासून घ्या. तो वेगळा हिशेब आहे आणि तो तुमच्या हातात आहे.

तरी काही गोष्टींवर नजर ठेवायचीच. डोकेदुखी पुन्हा वाढत चालली, उलट्या झाल्या, दिवसा झापड यायला लागली, चालताना तोल जायला लागला, एक हात किंवा पाय जड वाटला, फिट आली, किंवा बोलण्याचा घोळ कमी व्हायच्या ऐवजी दिवसेंदिवस वाढायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मार लागल्यावर कवटी आणि मेंदूच्या मधे हळूहळू रक्त साठून कित्येक आठवड्यांनी त्रास सुरू झाल्याची उदाहरणं असतात, पहिला स्कॅन स्वच्छ असला तरी. वयस्कर माणसं, रोज दारू घेणारे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, यांना तो धोका जास्त. आणि तोंड एकाएकी वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली, तर १०८ ला फोन. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून ‘सकाळी बघू’ हे तिथं चालत नाही.

किती दिवस लागतील, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. बहुतेक मोठी माणसं काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत पूर्वीसारखी होतात. काहींना जास्त लागतात. सात आठवडे म्हणजे उशीर झाला असं मुळीच नाही. अंधाऱ्या खोलीचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण आता डॉक्टर तसं सांगत नाहीत. खेळाडूंच्या डोक्याच्या माराबद्दल २०२२ साली अॅम्स्टरडॅमला जगभरचे तज्ज्ञ बसले होते. त्यांचं म्हणणं, पहिले एक-दोन दिवस सबुरीनं घ्या, मोबाइल-टीव्ही कमी बघा आणि मग हळूहळू हालचाल वाढवा. नुसतं पडून राहिल्यानं लवकर बरं वाटत नाही. तेव्हा रोज चाला. रंकाळा तलावावर जायचं तर सकाळी जा. संध्याकाळी तिथं गाड्यांचे हॉर्न, भेळवाले, पोरांचा कल्ला, आणि वेळही नेमकी तुमच्या दमण्याची. डोकं दुखायला लागेल इतकं भरभर नको. तालमीतले जोर-बैठका, कुस्ती, फुटबॉल डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा महागात पडू शकतो. गाडी चालवायचंही डॉक्टरांना विचारूनच, आणि हेल्मेट डोक्यावर.

झोप ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट. रात्री झोप मोडली की दुसऱ्या दिवशी शब्द हमखास घसरतात. मंडळातलं ‘बसणं’ सध्या बंद ठेवा, दारूनं झोप वरवरची लागते आणि जीभ आधीच अडखळतीय. डोकेदुखीच्या गोळ्या रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, महिन्याचे निम्मे दिवस गोळ्या पोटात जायला लागल्या की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. झोपेची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असेल तर तिच्यानं सुस्ती येते का, हेही विचारा.

पण दादा, पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट शब्दांची नाहीच. तुम्ही गप्प बसलात, ती आहे. चूक होईल म्हणून बोलायचं टाळलं की बोलायची धास्ती वाढते, धास्ती वाढली की लक्ष शब्दाऐवजी चुकीवर राहतं आणि मग चूक होतेच. शिवाय सारखं स्वतःवर पहारा ठेवणं हेही कामच आहे, त्यानंही थकवा येतो. आधीही तुम्ही चुकत होता, फक्त मोजत नव्हता. कुठल्याही घरातली आजी एका नातवाला हाक मारताना चौघांची नावं घेऊन मग पाचव्यावर येते, तिला कुणी दवाखान्यात नेत नाही. मार लागल्यावर माणूस प्रत्येक चूक मारावर लावतो आणि पूर्वी आपण किती चलाख होतो ते जरा वाढवून आठवतो.

मग करायचं काय? शब्द अडला तर त्याला ओढू नका. एक श्वास घ्या आणि त्या वस्तूचं काम सांगा: ‘ते आपलं कपडे धुवायचं.’ ऐकणाऱ्याला कळलं, काम झालं. बऱ्याच वेळा कामाचं वर्णन करता करता शब्द आपणहून येतो. ती वस्तू कुठं असते, कशाची असते, शेजारी काय असतं, असा फेर धरला तरी चालतं. हाताच्या खुणा करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. भलता शब्द गेलाच तोंडातनं, तर ‘चुकलं, मशीन’ एवढं म्हणून पुढं जा. माफी नको, स्पष्टीकरण नको. आणि बोलायचा वेग थोडा कमी करा. आपल्या कोल्हापूरकरांना हे अवघड, आपलं निम्मं बोलणं समोरच्याचं वाक्य संपायच्या आत सुरू झालेलं असतं.

आकड्यांचं जरा नीट बघू, कारण तिथं दुसऱ्याचे पैसे आहेत. त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना चार आधी येतो. मराठीत एकवीसपासून पुढं जवळजवळ सगळीकडं ही उलटापालट आहे आणि धडधाकट डोकं ती न कळत करतं. दमलेल्या डोक्याला तेवढीच जास्तीची पायरी जड जाते आणि त्रेचाळीसचे चौतीस होतात. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ छापलं तेव्हा केवढी ओरड झाली होती. पोरांचं काय व्हायचं ते होवो, तुम्हाला पुढचे काही आठवडे ती रीत फार उपयोगी आहे. भाव ऐकला की मनात ‘चार हजार तीनशे’ म्हणा, तसाच कागदावर उतरवा आणि लिहिलेला आकडा बोट ठेवून मोठ्यानं वाचून दाखवा. समोरचा ‘बरोबर’ म्हणाला की मगच पट्टीवर. आणि आकड्याचं काम सकाळी. संध्याकाळी पाच वाजता बेरजा करायला बसू नका.

फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, मागं यार्डातला गोंगाट असतो आणि गुजरातच्या व्यापाऱ्याशी तुम्ही हिंदीत बोलणार. मराठीत विचार, हिंदीत बोलणं, मधेच आकडे, म्हणजे एकावर एक तीन ओझी. तर फोन आला की ‘दहा मिनट में करता हूँ’ म्हणा, आतल्या खोलीत जा, काय बोलायचं ते तीन-चार शब्दांत कागदावर लिहा आणि मग फोन करा. बोलणं संपल्यावर भाव आणि वजन व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. व्यापाऱ्यालाही लेखी मिळालं तर बरंच वाटतं. रस्सा मंडळात आठ जण एकाच वेळी बोलतात, तिथं काही दिवस जेवायला जा, वादाला जाऊ नका. दोघा-तिघांना घरी चहाला बोलवा, तिथं बोला.

हसणाऱ्यांचं म्हणाल, तर त्यांना काय झालंय हे माहीतच नाही. पाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं. एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका: ‘भावांनो, डोक्याला मार लागलाय, शब्द मागंपुढं होतात, दोन-तीन महिन्यांत जाईल असं डॉक्टर म्हणतात. तोवर मी गुळाला साखर म्हणालो तर समजून घ्या.’ जो त्यानंतरही टोचेल त्याच्या पानात पांढरा रस्सा वाढू नका.

मालकांना सांगायलाच हवं, आणि आजच. त्या पट्टीत क्विंटलमागं ९०० रुपयांची तफावत होती. शेतकऱ्यानं बघितलं म्हणून निभावलं. उद्या कुणाचं गुऱ्हाळाचं अख्ख्या हंगामाचं गणित तुमच्या हातनं चुकलं आणि तुम्ही आजार लपवला होता हे बाहेर आलं, तर नोकरी जाईलच, नावही जाईल. सांगताना उपायासकट सांगा: ‘मालक, आकड्यांत थोडी गफलत होतीय, उपचार चालू आहेत. तोवर माझी प्रत्येक पट्टी दुसऱ्या कुणीतरी नजरेखालनं घालावी आणि मला सकाळचं काम द्यावं.’ आहे तो दिवाणजी कामावर ठेवण्यापेक्षा नवा शोधणं मालकाला जास्त अवघड असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. राजीनाम्याचा विचार आत्ता नको, थकलेल्या डोक्यानं एवढे मोठे निर्णय घेऊ नयेत. पाडव्याच्या सौद्यांना जा, पण गर्दीत भाव टिपायला दुसरा माणूस उभा करा, तुम्ही वही तपासायला बसा. तासाभरानं उठून बाहेर जरा शांत जागी बसून या. दमल्यावर विश्रांती घेतली तर ती पुरत नाही, दमायच्या आधी घ्यायची.

ब्राह्मीबद्दल: आईचं मन मोडू नका, तेल लावून घ्या. चूर्णानं शब्द लवकर परत येतात असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि बाकीच्या गोळ्यांबरोबर ते घ्यायचं तर आधी डॉक्टरांना दाखवा. त्यापेक्षा स्पीच थेरपिस्टकडं जा. ते फक्त तोतऱ्या मुलांसाठी असतात असा एक समज आहे, तो खोटा. शब्द सापडण्याचे, लक्ष टिकवण्याचे, फोनवर बोलण्याचे सराव ते तुमच्या कामाप्रमाणे बसवून देतात. तुमची रोजीरोटी बोलण्यावर आणि आकड्यांवर आहे, तेव्हा तीन महिने पुरे व्हायची वाट बघू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. खासगीत गेलात तर त्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का, ते विचारा. विचारण्यात संकोच नको. मन फारच खचलंय, कशातच राम वाटत नाही असं दोन आठवडे चाललं, किंवा जीव नकोसा वाटला, तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर बोला. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

शेवटचं वहिनींसाठी आहे, हा भाग त्यांच्या हातात द्या.

वहिनी, त्यांचा शब्द अडला तर लगेच पुरवू नका. थोडं थांबा. तरीही नाही आला तर ‘सांगू का?’ एवढं विचारा. ‘ओळखा बघू, हे काय आहे?’ अशी परीक्षा घेऊ नका, घरात पाहुणे असताना तर अजिबात नाही. ते फ्रीजमधले कपडे म्हणाले आणि तुम्हाला कळलं, तर मशीनमधले काढा आणि विषय संपवा. ते स्वतः हसले तर तुम्हीही हसा, मुलीलाही हसू दे. जेवताना टीव्ही बंद ठेवा आणि एका वेळी एकानंच बोला. घरखर्चाच्या, मुलीच्या फीच्या गोष्टी सकाळी काढा. आणि एक वही करा: रात्री झोप कशी लागली, दिवसात घोळ कधी जास्त झाला, त्याआधी काय काम चाललं होतं. रोज दोन ओळी, त्यांना जमेल तर त्यांनी, नाहीतर तुम्ही. पुढच्या तपासणीला ती वही बरोबर न्या, म्हणजे डॉक्टर ‘कसं वाटतंय?’ म्हणाले की आठवत बसायला नको.